माझ्याच घराच्या किल्ल्या

माझ्या घरचा कचरा मी स्वतः टाकणार, असं मी त्या सकाळी ठरवलं. यात गैर काय आहे, मला सांगा! पण बायको गेल्यापासून मला माझं काही म्हणून करू द्यायचं नाही, असा माझ्या मित्रांनी कट केलेला आहे. वकील (रिटायर झालाय, पण उलटतपासणी सुटलेली नाही) रोज सकाळी येतो आणि "झोप लागली का? कधी लागली? मग जाग कशाने आली?" असं सुरू करतो. इंजिनिअर येतो तो तडक बाथरूममध्ये शिरून गीझर बंद आहे का ते बघतो. समोरच्या वहिनी झाकलेली वाटी घेऊन येतात आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत हलत नाहीत. माणूस जरा रडायला बसला, की कोणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन हजर! स्वतःच्या घरात मनासारखं रडायचीसुद्धा चोरी.

त्यात मुलगी. मध्यंतरी माझ्या हातून एक पातेलं जळलं. (पातेलंच जळलं. घर नाही.) ही बातमी तिच्यापर्यंत कोणी पोचवली देव जाणे. फोनवर म्हणाली, "बाबा, आता आणखी एक घोटाळा झाला ना, की मी येऊन तुम्हाला इकडे घेऊन जाणार." इकडे म्हणजे तिच्या घरी, तिच्या सासूबाईंच्या शेजारच्या खोलीत! मी इथून हलणार नाही, असं तिला ठणकावून सांगितलं. या घरात तिची आई मला अजून कुठेकुठे भेटते, हे मात्र फोनवर बोलता आलं नाही.

तर, दूध गॅसवर ठेवलं, कचऱ्याच्या गाडीची घंटा ऐकू आली, बादली उचलली आणि बाहेर पडलो. मागे दार धाडकन बंद झालं. लॅचचं दार.

मी मुळीच घाबरलो नाही. बादली समोरच्या वहिनींच्या दाराशी टेकवली, वळलो आणि आमच्या दाराची बेल वाजवली. वाजवून उभा राहिलो.

हसू नका. लग्न झाल्यापासून मी कधी किल्ली बाळगलेली नाही. बेल वाजवायची, आतून "आले, आले, दार मोडू नका" असा आवाज यायचा, हीच माझी किल्ली. त्या दिवशीही मी चांगला वेळ उभा होतो. पुन्हा बेल वाजवायला बोट वर गेलं तेव्हा कळलं, की आत कोणी नाही. आणि मग, खोटं कशाला बोलू, तिचाच राग आला. जायचं होतं तर जायचं, निदान दार तरी उघडून जायचं!

एवढ्यात जिन्यातून वकील वर आला.

"बाहेर का उभा आहेस?"

"हवा खातोय."

"बनियनवर?"

"माझं बनियन, माझी हवा! तुला काय करायचंय?"

"आणि गॅसवर काय ठेवलं आहेस?"

मी खाली बघितलं. वकिलापुढे असं कधी बघू नये. तेवढ्यात मागून इंजिनिअर आला. जन्मभर पूल बांधलेला माणूस. त्याने दारावर चार ठिकाणी टिचक्या मारल्या, मान हलवली आणि म्हणाला, "तुम्ही दोघं जरा गच्चीवर जाऊन या."

"का?"

"माझी एक पद्धत आहे. कोणी बघत असलं की जमत नाही."

"तुझी पद्धत गेली खड्ड्यात," वकील म्हणाला. "तुम्ही दोघं खाली जा. मी उघडतो. कायद्याने."

"कायद्याने दार कसं उघडतं रे?"

"ते अशिलाला सांगायचं नसतं. तू आधी खाली हो!"

"मी माझं दार सोडून कुठेही जाणार नाही!" मी ओरडलो. दोघं माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले, जसा काही मीच चोर. आणि तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला.

"अरे, दुसरं पातेलं!" माझा आवाज चिरकला. "आता मुलगी येणार! मला घेऊन जाणार रे ती!"

तेव्हा मात्र दोघांनी एकदम खिशात हात घातले, एकदम किल्ल्या काढल्या आणि एकाच भोकात घालायला पुढे झुकले. टाळक्यावर टाळकं आपटलं.

दोन्ही किल्ल्यांना लाल लोकर बांधलेली होती. माझ्या स्वेटरची. हॉस्पिटलात जाण्याआधी बायको तो विणत होती, एक बाही राहिली.

गॅस बंद केला. पातेलं पार कोळसा झालं होतं. मग उलटतपासणी मी सुरू केली.

"वहिनीच हॉस्पिटलात जाण्याआधी म्हणाल्या," वकील डोकं चोळत म्हणाला, "‘हे किल्ली विसरणार. पण त्यांना कळू देऊ नका, अपमान वाटेल. आणि इंजिनिअर भाऊजींना सांगू नका, ते अख्खं कुलूप खोलून बसतील.’"

"मला म्हणाल्या, वकिलांना सांगू नका," इंजिनिअर म्हणाला. "त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही."

म्हणजे मी सोडून सगळ्या जगाकडे माझ्या घराच्या किल्ल्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणा इकडे!" मी दोन्ही किल्ल्या हिसकावून घेतल्या. समोरच्या वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनाही सोडलं नाही. "तुमच्याकडेही आहे का हो?"

"माझ्याकडे? छे! मी काय करू तुमच्या किल्लीचं?" त्या इतक्या ठामपणे म्हणाल्या, की मला त्यांची माफी मागावीशी वाटली.

दारामागच्या खिळ्याला तिची किल्ली अजून होती. तिच्याशेजारी या दोन अडकवल्या आणि हात झटकले. आजपासून मी कोणाचा मिंधा नाही!

दोघं माना खाली घालून जिना उतरले. तेवढ्यात खालून वकिलाचा आवाज आला, "या पातेल्याचं मुलीला सांगायचं का रे?"

"खबरदार!" असं ओरडत मी चार पायऱ्या खाली धावलो.

मागे धाडकन आवाज झाला.

खाली ते दोघं रिक्षात बसून गेलेसुद्धा. (गेले नसते तरी मी हाक मारली नसती.) मी वर येऊन दारापुढे उभा राहिलो. बोट पुन्हा बेलकडे गेलं. काय करणार, दुसरं काही येतच नाही त्याला.

समोरचं दार उघडलं. वहिनी बाहेर आल्या. त्यांच्या बोटात लाल लोकर लोंबत होती.

"भाऊजी, रागावू नका. ‘हे एक दिवस चिडून सगळ्यांच्या किल्ल्या गोळा करतील आणि त्याच दिवशी बाहेर अडकतील. तुम्ही मात्र नाही म्हणून सांगा,’ असं म्हणाल्या होत्या त्या."

डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही होताच. "द्या ती किल्ली," मी हात पुढे केला.

"अंहं. तुम्ही मागाल, तेव्हा द्यायची नाही, हेही सांगून गेल्यात." त्यांनी स्वतः दार उघडलं, किल्ली मुठीत मिटली आणि बाजूला झाल्या. मी माझ्याच घरात, त्यांच्या परवानगीने, मान खाली घालून शिरलो.

"आणि भाऊजी," त्या मागून म्हणाल्या, "माझ्या दारातली ती बादली आत घ्या. कचऱ्याची गाडी केव्हाच गेली."