खवलेपंत आणि गळालेली शिंगं

एका जंगलात, बाळांनो, एक डोह होता, आणि त्या डोहासाठी दरवर्षी फुटबॉल खेळला जायचा.

तुमच्यापैकी काहींना टक्कल पडलंय आणि काहींना नातवंडं आहेत, हे मला इथून दिसतंय. तरी मी तुम्हाला बाळांनोच म्हणणार. का, ते शेवटी सांगतो.

तर डोह. नदीच्या अलीकडे आपलं जंगल, पलीकडे दुसऱ्यांचं. उन्हाळ्यात नदी आटायची आणि कातळाखाली तेवढा डोह उरायचा. त्यात दोन्ही जंगलांना पुरेल एवढं पाणी नसायचं. म्हणून चैत्रात सामना. वेलींचा विणलेला चेंडू, लाथ मारा नाहीतर डोकं मारा, समोरच्यांच्या दोन सागांमधून पलीकडे गेला की गोल. जिंकेल त्यानं पाऊस येईपर्यंत डोहावर प्यायचं. हरेल त्यानं डोंगरामागच्या डबक्यावर जायचं. त्या डबक्यात पाणी कमी आणि चिखल जास्त.

वाघ आणि भेकर एका जंगलात एका सभेला कसे बसतात, असं विचारू नका. तुमच्या सोसायटीच्या सभेला बसतात तसेच बसतात.

खेळाडू कुठून यायचे? मार्गशीर्षात नदीकाठच्या माळावर निवडीचा दिवस असायचा. वयात आलेली सगळी पोरं तिथं उभी राहायची आणि दोन्ही जंगलं आळीपाळीनं एकेकाला निवडून न्यायची. गेल्या चैत्रात जो हरला, त्याला पहिली निवड. हरलेल्याला जरा हातभार लागावा म्हणून ही रीत होती.

आपल्या जंगलाचे निवडप्रमुख होते खवलेपंत. जातीनं खवले मांजर. अंगभर टणक खवले, तोंड लहान, जीभ लांब. त्यांची एक सवय होती. कोणी कौतुक केलं की ते मागच्या पायांवर उभे राहायचे. कोणी प्रश्न विचारला की अंगाचं मुटकुळं करून गोल व्हायचे. मग कोणी कितीही डिवचलं तरी खवल्याच्या आत काही जायचं नाही. प्रश्न विचारणारा कंटाळून निघून गेला की पंत पुन्हा उलगडायचे आणि मुंग्या खायला जायचे.

अशाच एका मार्गशीर्षात पंतांनी माळावर म्हाळू नावाचा सांबर पाहिला. त्याच्या डोक्यावर अशी शिंगं होती की माळावरचे पक्षी बसायला जागा म्हणून त्याच्याकडे बघत होते. पंतांचे डोळे चमकले.

"हा चेंडूला डोकं मारेल," ते म्हणाले, "आणि चेंडू सागांच्या मधून जाईल. पहिली निवड, म्हाळू."

वाघमहाराज म्हणाले, "वा." जंगल म्हणालं, "वा." पंत मागच्या पायांवर उभे राहिले.

पलीकडच्या जंगलाची निवड एक म्हातारी कोळशिंदी करायची. कोळशिंदी म्हणजे रानकुत्री. तिनं शिंगंबिंगं काही पाहिली नाहीत. तिनं पोरांना माळावरून पळवलं, चिखलातून पळवलं, आणि एक घाणेरडं रानडुक्कर घेऊन गेली. आपण खूप हसलो.

मग चैत्र आला. आता बाळांनो, सांबराच्या शिंगांचं चैत्राच्या सुमाराला काय होतं, हे तुम्हाला माहीत असेल. जंगलात तर सगळ्यांनाच माहीत होतं. ती गळतात. दरवर्षी गळतात आणि पावसात पुन्हा फुटतात. म्हाळूच्या बापाची गळत होती, आजाची गळत होती. सामन्याच्या आदल्या दिवशी म्हाळूचीही गळाली.

म्हाळू पंतांकडे गेला. "पंत, डोक्यावर आता नुसती खुंटं ऱ्हायल्यात. चेंडू लागला तर डोळ्यांम्होरं काजवं येत्यात. मला सागांपाशी मागं उभा करा. माजी लाथ बगा एकडाव."

"तुझी निवड शिंगांसाठी झालेली आहे," पंत म्हणाले. "लाथ विचाराधीन नव्हती."

म्हाळूनं बोडक्या डोक्यानं चेंडू झेलला, रक्त आलं, आणि आपण हरलो. पलीकडच्या रानडुकरानं गोल केले.

दुसऱ्या मार्गशीर्षात पहिली निवड पुन्हा आपली. पंतांनी काय केलं असेल? त्यांनी आणखी एक शिंगवाला सांबर घेतला. तिसऱ्या वर्षी आणखी एक. मार्गशीर्षात आपला संघ असा दिसायचा की दृष्ट काढावी, आणि चैत्रात सगळे बोडके. त्यावर पंत सभेत सांगायचे, "लागोपाठ तिसऱ्या वर्षी पहिल्या निवडीचा मान आपल्या जंगलाला मिळालेला आहे." आणि ह्यावर टाळ्या पडायच्या. मी खोटं सांगत नाही.

हे असंच चाललं असतं. पण तिसऱ्या उन्हाळ्यात सगुणाचं पाडस मेलं.

सगुणा म्हणजे एक भेकर. तिचं पाडस तहानेनं डबक्यात पुढं पुढं गेलं आणि चिखलात रुतलं. सगुणा काठावरून ओरडत राहिली. भेकराचा आवाज लांब जातो. सगळ्या जंगलानं तो ऐकला, पण डबक्यात उतरण्याएवढं हलकं कोणी नव्हतं. मला ही गोष्ट हसत हसत सांगायची होती, पण इथं मला हसू येत नाही आणि तुम्हीही हसू नका.

पुढच्या पावसाच्या अखेरीला सगुणाला दुसरं पाडस झालं. त्याला चाटता चाटता तिच्या मनात एकच विचार होता, की पुढचा उन्हाळा येणार आहे. ती उठली आणि वाघमहाराजांकडे गेली.

"म्हाराज, सभा घ्या," ती म्हणाली. "आपण का हरतोय आन् कुनामुळं, ह्ये मला ऐकायचंय."

सभा भरली. महाराज खडकावर अर्धवट झोपेत. न्याय करायला गवा. गवा अंगानं इतका मोठा होता की तो विचारही मोठाच करत असणार, असं सगळे धरून चालायचे. जांभळीवर वानर बसला होता, जो प्रत्येक सामन्यानंतर सामना कसा जिंकता आला असता हे सांगायचा.

सगुणा पुढं आली. "पंत, मला येकच इचारायचंय. सांबराची शिंगं चैत्रात गळत्यात, ह्ये तुमास्नी ठावं हुतं का न्हवतं?"

पंत मुटकुळं करून गोल झाले.

सभा थांबली. ऊन वर चढलं. आपल्यातलं एक तरुण रानडुक्कर वैतागून म्हणालं, "ह्योच चेंडू घ्या की खेळायला, निदान शिंगाची गरज न्हाई पडायची." त्याला सभेचा मान राखायला सांगण्यात आलं. शेवटी महाराजांनी एक डोळा उघडला, तेव्हा पंत उलगडले.

"प्रश्न चांगला आहे," पंत म्हणाले. "पण तो आज विचारला जातोय. निवड झाली तेव्हा शिंगं होती. सभेत कोणी सांगावं की नव्हती."

कोणी सांगितलं नाही. होतीच ती.

"म्हणजे निवड त्या दिवशी अचूक होती. नंतर परिस्थिती बदलली. आता परिस्थितीची निवड काही मी करत नाही."

"परिस्थिती दर सालाला बदलती," सगुणा म्हणाली. "माज्या धन्याची बी गळत्यात. त्यात काय नवल हाय?"

"माहीत असणं वेगळं आणि विचारात घेणं वेगळं," पंत म्हणाले. "शिवाय निवड मी एकट्यानं केली नाही. महाराज 'वा' म्हणाले होते."

महाराजांनी उघडलेला डोळा मिटला.

"आणि मी विचारतो," पंतांचा आवाज आता चढला, "जुनं उकरून काढून तहान भागणार आहे का? आपण पुढं बघायचं की मागं?"

"पुढं!" सभा म्हणाली. पुढं काय आहे हे कोणी पाहिलं नव्हतं, पण पुढं म्हणायला बरं वाटतं.

"पुडं बी उन्हाळाच हाय," सगुणा म्हणाली. ते कोणाला ऐकू गेलं नाही.

वानर जांभळीवरून म्हणाला, की पंतांनी चूक केली हे खरं, पण अशा चुकांचा एवढा अनुभव दुसऱ्या कोणाकडे आहे? अनुभवी माणसाला काढायचं आणि अननुभवी आणायचा, म्हणजे तो पुन्हा पहिल्यापासून चुका करणार. हे ऐकून सभेतल्या बऱ्याच जणांनी मान हलवली.

गव्यानं बराच वेळ रवंथ केला. मग निकाल दिला.

"खवले मांजराचे खवले झिजतात आणि नवे येतात," गवा म्हणाला. "ज्या खवलेपंतांनी म्हाळूला निवडलं, ते खवलेपंत आज राहिलेले नाहीत. तेव्हाच्या खवलेपंतांना ही सभा कडक समज देत आहे. ते हजर नसल्यामुळे ती आजच्या खवलेपंतांनी पोचवावी. झाल्या निवडींची चौकशी व्हायलाच हवी. त्या निवडींची सगळ्यात जास्त माहिती आजच्या खवलेपंतांना आहे, म्हणून चौकशी तेच करतील."

पंत मागच्या पायांवर उभे राहिले.

"पण कोणाची तरी जबाबदारी ठरवा," मागून कोणीतरी म्हणालं. "एवढ्या लांबून आलोय."

गव्याला ते पटलं. त्यानं म्हाळूला पुढं बोलावलं. "जंगलानं तुला शिंगं बघून घेतलं. शिंगं तुझ्या ताब्यात होती. ती कोणी टाकली?"

"गळाली जी," म्हाळू म्हणाला.

"कोणाच्या डोक्यावरून?"

"माज्याच जी," म्हाळू म्हणाला. त्याला जंगलातून हद्दपार केलं. गेल्या चैत्रात शिंगं हरवल्याबद्दल, डोक्यावर पावसात फुटलेली नवी शिंगं असताना. सभा समाधानानं घरी गेली. सगुणा तिथंच उभी राहिली, कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला अजून मिळालं नव्हतं.

म्हाळू नदी ओलांडून गेला. पलीकडच्या काठावर म्हातारी कोळशिंदी बसली होती.

"काय येतं रे तुला?" तिनं विचारलं.

"शिंगं येत्यात जी. पर टिकत न्हाईत."

"ते मला माहीत आहे. पळून दाखव. आता एक लाथ मार त्या बुंध्याला."

म्हाळूनं मारली. बुंधा आडवा झाला. कोळशिंदी म्हणाली, "तू सागांपाशी थांब. चेंडू आला की परत पाठव. डोकं लावायचं नाही." एवढंच. तिनं भाषण केलं नाही, मागच्या पायांवरही उभी राहिली नाही. तिला मुळात तेवढी गरज वाटत नसावी.

चैत्र आला. म्हाळूची शिंगं गळाली आणि कोणी त्याकडे बघितलंसुद्धा नाही. आपल्या संघात बोडके सांबर पुढं, चेंडूला डोकं मारताहेत आणि कळवळताहेत. आलेला प्रत्येक चेंडू म्हाळूनं असा लाथाडला की तो आपल्याच सागांमधून गेला. शिंगांच्या पायी आपण चौथ्यांदा हरलो. आधी कधी हरलो नव्हतो एवढ्या गोलांनी हरलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा. मला वाटलं, आता पंतांचं काही खरं नाही. मी भाबडा आहे.

पंत स्वतःच उभे राहिले. "चौकशी पूर्ण झाली," ते म्हणाले. "काल सामन्यात सगळ्यात चांगला कोण खेळला?"

"म्हाळू," सभा म्हणाली.

"त्याला पहिल्यांदा कोणी ओळखला?"

सभेनं माना पंतांकडे वळवल्या.

"सगळ्यात आधी, पहिल्याच निवडीत, त्याच्यातली गुणवत्ता कोणाला दिसली? लोक मला नावं ठेवत होते. काल सामन्यात उत्तर मिळालं. नजर चुकली नव्हती. चुकली असेल तर ती त्याला हाकलणारी सभा चुकली. पण मी मागचं काढत नाही."

आणि बाळांनो, सभा टाळ्या वाजवत उठून उभी राहिली. पळसाच्या पानांची शाल आली. गव्यानं स्वतः ती पंतांच्या खवल्यांवर घातली. वानर म्हणाला, हे तो पहिल्यापासून सांगत होता. पंतांना बोलताना कोरड पडली, तर द्यायला जंगलात पाणी नव्हतं. तेव्हा पलीकडच्या जंगलाकडे माणूस पाठवून, म्हणजे बगळा पाठवून, पंतांपुरतं चोचभर पाणी मागून आणलं.

सगुणानं ते पाणी जाताना पाहिलं. तिच्या पाडसाची जीभ बाहेर आली होती. ती सभेतून उठली. डबक्याच्या वाटेपाशी क्षणभर थांबली, मग वळली आणि सरळ डोहाकडे चालू लागली.

डोहावर पहाऱ्याला म्हाळू होता.

"सगुणाबाई, हितं फकस्त जितणाऱ्यानं प्यायचं," तो म्हणाला. त्याला ते बोलताना वाईट वाटत होतं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "मी पीत न्हाई. ह्याला प्यू दे."

म्हाळूनं पाडसाकडे पाहिलं. डोक्यावर शिंगाचा कोंबही नव्हता, पाय काटक्यांसारखे. तो बाजूला झाला.

"ह्याला मी निवडला," तो म्हणाला. "आजपासून ह्यो आमच्याकडचा, आन् त्याची आई बी. म्हातारीला मी सांगतो."

"तिनं इचारलं, काय बघून निवडला, तर?"

"तहान लागली हुती म्हनीन."

पाडस प्यायलं. मग सगुणा प्यायली. ती पुन्हा आपल्या जंगलात आली नाही.

ही बातमी खवलेपंतांना कळली तेव्हा ते म्हणाले, की ते पाडसही गुणी आहे हे त्यांच्या केव्हाच लक्षात आलं होतं. येत्या मार्गशीर्षात पहिली निवड पुन्हा आपल्याकडेच आहे, आणि म्हाळूच्या धाकट्या भावाला म्हणे फार सुंदर शिंगं फुटली आहेत.

तुम्हाला बाळांनो का म्हणतो, ते सांगायचं राहिलं. त्या सत्काराला मी मागच्या रांगेत होतो. टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्ही सगळे मला दिसत होतात, आणि कशालाही टाळ्या वाजवतात ती बाळंच.

तात्पर्य: चूक करायची तर मोठी करावी आणि लवकर करावी. म्हणजे कोणी जाब विचारेपर्यंत ती जुनी होते, आणि तिच्या चौकशीला आपल्याहून जाणकार कोणी मिळत नाही. निवडणारा कधीच चुकत नसतो. ज्याची निवड होते, त्यानं मात्र आपली शिंगं सांभाळावीत.