ईश्वरप्पांनी आवळलेला पेच

“इंजिन म्हणजे इंजिन! विहिरीवरचं असो न्हाईतर मुठीएवढं. आपल्या हातात आलं की बोलायलाच पायजे!”

ईश्वरप्पांनी हे बायकोला, रत्नम्माला ऐकवलं, कारण ऐकायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. उदगीरच्या आसपास पाणी उपसायची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. यंदा विहिरीच आटल्या, इंजिनं गोणपाटाखाली गेली आणि दुकानाचं शटर खाली आलं. येता-जाता ‘मिस्त्री, मिस्त्री’ करणारी गल्ली आता नुसतं ‘काका’ म्हणत होती. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

म्हणून तर पुण्यातल्या मुलानं, विरूपाक्षनं, रिमोटवर पळणारी गाडी पाठवली. सेलवरची नव्हे, खरं इंजिन असलेली! सोबत तिच्या खास तेलाचा डबा आणि एक पुस्तिका. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं: नव्या इंजिनाचा तेलाचा पेच ढिलाच ठेवा, म्हणजे तेल भरपूर जाईल. ते धूर काढेल, रेंगाळेल, रेंगाळू द्या. तेलातल्या वंगणानंच ते थंड राहतं.

ईश्वरप्पांनी प्लग तापवला, दोरी ओढली. अंगणात गाडी धूर सोडत रांगू लागली.

“फुकट तेल जळून राहिलंय की!” ते कळवळले. अंघोळीचं पाणी साठवून त्यानं फरशी पुसायचे दिवस. त्यांना हे बघवेना. त्यांनी पेच आवळला. इंजिन खुललं. त्यांनी आणखी आवळला.

“आवो, रिमोटला नवे सेल घाला म्हणला हुता विरू,” रत्नम्मा म्हणाली.

“घड्याळातले जुने घातलेत. उन्हात तापवलेत चांगले. लई चालतेत!”

गल्लीत टँकरसाठी घागरींची रांग लागली होती. घागर ठेवली की नंबर लागला, मग बाई भाकरी थापायला मोकळी. घागरीही साऱ्या एकाच दुकानातल्या, निळ्या प्लॅस्टिकच्या. उन्हाळा लागल्यापासून पहिल्यांदाच रत्नम्माची घागर सगळ्यात पुढं होती. त्यासाठी ती अंधारात उठली होती.

गाडी गल्लीत आली आणि तिनं अशी किंकाळी फोडली की कोपऱ्यावरच्या मलप्पांच्या हातातला चहा सांडला. तालुक्याचं उदगीर वर्षानुवर्षं जिल्हा व्हायची वाट बघत होतं; तो झाला की पहिली माळ आपणच लावायची, म्हणून मलप्पांनी दिवाळीपासून फटाके जपून ठेवले होते. आवाज ऐकला, धूर पाहिला आणि त्यांना वाटलं, दुसऱ्यानंच आधी लावली!

“झाला! जिल्हा झाला!” असं ओरडत त्यांनी माळ पेटवली. तव्यावरच्या भाकरी तशाच टाकून बायका कोपऱ्याकडं पळाल्या.

नेमके तेव्हाच रिमोटचे सेल संपले! ईश्वरप्पा कळ दाबताहेत, गाडी ऐकतेय कुठं? ती तडक रांगेत घुसली. घागरी गडगडल्या, काही गटारीत, काही समोरच्या ओट्याखाली. शेवटी भिंतीला धडकून, तापून लाल झालेलं इंजिन बंद पडलं. आणि टँकरचा हॉर्न वाजला.

“माझी पैली हुती!” शेजारची महानंदा धावत आली.

“न्हाई, माझी!” दहा जणी एकदम.

“मग जिल्ह्याचं काय?” मलप्पांनी विचारलं.

भांडणाचा निकाल एकाच मुद्द्यावर एकमतानं लागला: ज्याच्या गाडीनं हे केलं, त्याची घागर शेवटी. रत्नम्मा मागं जाऊन उभी राहिली. तिच्यापर्यंत येईतो टँकरमध्ये तळ राहिला होता. अर्धी घागरही भरली नाही.

ते ईश्वरप्पांना सोसवेना.

“चमचाभर तेल वाचवलं मी,” ते खाली बघत म्हणाले, “आन् तुझं पानी घालवलं. चुकलंच माझं.”

रत्नम्मानं घागर कडेवर घेतली. “गाडीला पोटभर द्या. आपलं भागवू आपन,” ती म्हणाली. “लई दिसानं घरात इंजिन वाजलं. बरं वाटलं बगा.”

त्यांनी पेच ढिला केला, नवे सेल आणले. पुढच्या टँकरच्या दिवशी रांग लागली. महानंदानं घागर खाली ठेवण्याआधी त्यांच्या दारात डोकावून हाक मारली, “ओ मिस्त्री! गाडी बांधली का?”

कितीतरी महिन्यांनी कुणीतरी मिस्त्री म्हटलं होतं! ईश्वरप्पांचा ऊर भरून आला. खुंट्याला म्हशीच्या दाव्यानं करकचून बांधलेल्या गाडीकडं बघत त्यांनी छाती काढून ओ दिली:

“हाव! बांधली!”