पत्ता कोणाला विचारायचा

देवरेकाका रस्त्यात पत्ता विचारण्याआधी माणूस निवडतात. पंचवटीत एकदा माझ्या चुलतसासूचं घर शोधताना त्यांनी चार माणसं सोडून दिली. "हा पानवाला मेव्हण्याच्या लॉजवर पाठवेल, त्या रिक्षावाल्याला माहीत नसलं तरी तो सांगेल." पाचवा माणूस पसंत पडेपर्यंत माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. "पत्ता कोणाला विचारायचा, ते मी ठरवणार, सुनीता," असं वर ऐकवलं.

काका मूळचे नामपूरचे. जन्म टपाल खात्यात पत्रं वेगळी करण्यात गेला. निवृत्तीनंतर इंदिरानगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले आणि संगणक शिकले. तोवर आमच्या इमारतीत ब्रॉडबँड आलं होतं आणि आम्ही सुखात होतो.

ते सुख काकांना बघवेना. एक दिवस घरी येऊन म्हणाले, "तू वेबसाइटचं नाव टाकतेस, पण संगणकाला लागतो आकड्यांचा पत्ता. तो कोण सांगतं?"

"मला काय करायचंय? उघडतं ना!"

"ब्रॉडबँड कंपनीचं यंत्र सांगतं. आणि नाव चुकलं तर जाहिरात दाखवतं. अगं, पत्ता सापडला नाही तर पत्र परत जातं. भलत्याच्या घरात टाकायचं नसतं!"

त्यावरून मला आठवलं. काकूंची वाळवणांची एक वेबसाइट होती, काकांनीच बनवलेली. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. मागच्या उन्हाळ्यात बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, प्रमाण बघायला मी ते नाव टाकलं, तर समोर वजन कमी करायच्या गोळ्या. हसत हसत मी ते काकांना सांगितलं. काका नुसतं "हं" म्हणाले आणि माझ्या संगणकात कंपनीच्या पत्ते सांगणाऱ्या यंत्राचे आकडे पुसून आपल्या पसंतीच्या यंत्राचे घातले. मला न विचारता. आठवडाभरात इमारतीतल्या आठही घरांत हाच उद्योग. निवडीचं स्वातंत्र्य म्हणजे काकांनी आपल्यासाठी निवडणं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मग बारावीचा निकाल आला. माझी लेक नंबर हातात धरून बसलेली, आणि काही उघडेचना. आठही घरांत तीच रड. काकांच्या पसंतीचं ते यंत्र नेमकं त्याच दिवशी बंद पडलं होतं. लेकीचा निकाल मी माझ्या मावशीला फोन करून मिळवला, आणि काकांना जिन्यातच चांगलं झापलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. सगळ्यांचे आकडे पूर्ववत करत शेवटी काकांकडे पोचला. मीही मागोमाग गेले, म्हटलं आता कशी जिरते बघू.

"काका, तुमच्या संगणकात फार ढवळाढवळ दिसते. सगळं पुसून नवीन टाकतो."

काका उठून संगणकाच्या आड उभे राहिले. "आठ घरांची चूक माझी. हे घर सोड."

"काका, पुरे आता हट्ट," मी म्हटलं.

वळून काकांनी काकूंच्या वेबसाइटचं नाव टाकलं. मी गोळ्यांची वाट बघत होते. समोर आल्या काकू. गच्चीवर छत्री घेऊन बसलेल्या, कावळ्यांवर डोळा ठेवून. खाली बिबड्यांचं प्रमाण.

"तिच्या दवाखान्याच्या धावपळीत पैसे भरून नाव चालू ठेवायचं राहिलं. दुसऱ्यानं घेतलं," काका म्हणाले. "पण संगणकाची स्वतःची एक यादी असते. बाहेर विचारायच्या आधी तो ती बघतो. त्या यादीत मी लिहून ठेवलंय, हे नाव आलं तर बाहेर जाऊ नको, घरातलंच पान दाखव." मनातलं बोलताना काकांची बोली थेट बागलाणात, नामपूरला जाते. "जगमां कोठेबी इचार, तठे गोळ्या. ती आठेच शे." खरंच, काकू इथेच होत्या, या एका संगणकात.

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. कंपनीच्या माणसानं काही न पुसता पिशवी आवरली.

"काका," मी म्हटलं, "ते पान माझ्याकडेही ठेवा. माझ्या यादीतही लिहा."

संध्याकाळी काका वर आले. संगणकासमोर बसले, पण हात मांडीवरच.

"सुनीता, लिहू ना? तुझी हरकत नाही ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच मला विचारलं होतं.