पेल्यातली कॉइल

एलुनेड बाजाराला गेल्याची खिडकीतून नीट खात्री करून घेतली, मग योरवर्थ प्यूने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना पेपर पसरला आणि आपल्या ई-सिगारेटचं पोट उघडलं. काच, दोन रबरी कड्या, तोंडाची नळी आणि मधली शेंगदाण्याएवढी पोकळ कॉइल असा वाफ तयार करणारा सगळा ॲटोमायझर त्याने सुटा करून मांडला. दारात कोणी उभं राहिलं असतं तर म्हातारा घड्याळ दुरुस्त करतोय असं वाटलं असतं. पण घड्याळ दुरुस्त करणारा असा सारखा खिडकीकडे बघत नाही.

त्याने तंबाखू सोडल्याचं अख्ख्या गावाला माहीत होतं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून नुसती मान हलवली, त्याच दिवशी एलुनेडने त्याचा पाइप कचऱ्यात टाकला आणि रविवारी हेब्रॉन चॅपलमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले. एकदा मानलेले आभार परत कसे घेणार? म्हणून योरवर्थ मागच्या शेडमध्ये खताच्या पोत्यांआड उभा राहून कस्टर्डच्या वासाची वाफ ओढायचा. अलीकडे मात्र त्या वाफेला जळक्या रबराची चव येऊ लागली होती.

"कॉइल चिकटलीय," शहरातल्या ई-सिगारेटच्या दुकानातली नेरिस म्हणाली होती. "काच आणि कड्या कोमट पाण्यात धुवा. कॉइल मात्र रात्रभर व्होडकात बुडवून ठेवा. आतला चिकटा सुटतो. मग धुऊन खडखडीत वाळवा. ओली बसवलीत तर गुळण्या करत बसेल."

"व्होडकात?" योरवर्थने मागे वळून दाराकडे पाहिलं. "अहो, आमच्या चॅपलमध्ये कोणी दारूला शिवत नाही. न पिण्याच्या शपथेवर मी सही केलीय."

"तुम्ही कुठे शिवताय? आंघोळ कॉइल करणार!"

हे तिला बोलायला सोपं होतं. आमच्या खोऱ्यात प्यू आडनावाचे इतके, की माणूस ओळखायचा तो धंद्यावरून, नाहीतर फजितीवरून. योरवर्थने जन्मभर रेल्वेत सिग्नल सांभाळले, म्हणून तो योरवर्थ सिग्नल. चांगलं, सरळ नाव. पण त्याचा चुलतभाऊ ह्यू एका लग्नात चुकून केकवर बसला, तो मरेपर्यंत ह्यू केक राहिला. त्याच्या बिचाऱ्या बायकोलाही लोक मिसेस केक म्हणत. योरवर्थला नरकाची भीती नव्हती असं नाही, पण नरक जरा लांब होता. 'योरवर्थ व्होडका' हे नाव अगदी दाराशी येऊन उभं होतं, आणि त्याच्या मागोमाग 'मिसेस व्होडका'.

व्होडकाची बाटली त्याने कोटातून काढली. आता कॉइल बुडेल एवढंच भांडं हवं होतं. कपात टाकली तर अर्धी बाटली लागेल. फडताळावर चॅपलचं प्रभुभोजनाचं, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीने सगळे घोट घेतात त्या विधीचं, तबक होतं. या महिन्यात पेले घासायची पाळी योरवर्थच्या घरी होती. तबकाला गोल भोकं, प्रत्येक भोकात द्राक्षाच्या रसासाठी घोटभर मापाचा रिकामा पेला. योरवर्थने एक उचलला. कॉइल त्यात अशी बसली, की जणू मापच घेतलं होतं. त्याने वरून व्होडका ओतली. "देवा, उद्या सोड्याने घासून देतो," तो पुटपुटला.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

पेला तबकाच्या भोकात गेला, वर झाकण बसलं, आणि बाकीचा संसार पेपरसकट कोटाच्या खिशात. "पर्स विसरले," एलुनेड आत येत म्हणाली. "तू असा का उभा आहेस? चोर शिरलाय का घरात?"

"छे! मी... मी शेडमध्येच निघालो होतो."

पोत्यांआड सगळं लपवून, जरा छाती शांत करून तो परत आला, तेव्हा फडताळ रिकामं होतं.

"तबक?" त्याने फडताळाकडे बोट दाखवलं.

"मिस प्रॉसर घेऊन गेली. उद्या रविवार, सकाळी लवकर भरून ठेवते म्हणाली. अरे, पांढरा का पडलास?"

मिस टेगवेन प्रॉसर म्हणजे आमच्या दारूबंदी मंडळाची चिटणीस. डोळ्यांनी तिला हाताची बोटं धड दिसत नसत, पण चष्मा लावणं हे ती गर्व करण्याइतकंच पाप समजे. तिला पेल्यात कॉइलच काय, बेडूक असता तरी दिसला नसता. ती त्यावर रस ओतणार होती आणि उद्या कोणीतरी तो पेला तोंडाला लावणार होतं. योरवर्थला रात्रभर डोळे मिटले की एकेक ओळखीचा गळा दिसत राहिला.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी चॅपलमध्ये पोचला, तरी उशीरच झाला होता. तबक टेबलावर पांढऱ्या कापडाखाली होतं आणि शेजारी मिस प्रॉसर पहाऱ्यावर.

"मिस प्रॉसर, मी जरा पेले बघू का?"

"का रे? मी सांडलेत?"

"तसं नाही हो. सहज आपलं."

"तू पाळण्यात होतास तेव्हापासून भरतेय मी हे पेले. सहज बघायला ही काय जत्रा आहे? जा, बस जागेवर."

तो बसला. बाहेरगावचे मिस्टर रोलँड्स प्रवचनाला आले होते, आणि एरवी योरवर्थ त्यांच्यासाठी पावसात चालत दोन गावं ओलांडून जायचा. किती सुंदर प्रवचन ते! आधी साध्या बोलण्यात सुरुवात, घरगुती, शेजाऱ्याशी बोलावं तशी. मग शब्द लांबू लागतात, सूर हळूच वर सरकतो, आणि अंगात यावं तशी त्यांना 'हुइल' चढली की बोलणं संपून गाणंच सुरू होतं. बाकांवरची म्हातारी माणसं डोळे मिटून डोलू लागतात. त्या दिवशी विषय होता बायबलातल्या नाणं हरवलेल्या बाईचा.

"तिनं दिवा लावला," मिस्टर रोलँड्स गाऊ लागले. "तिनं घर झाडलं. कोपरा न् कोपरा शोधला! चकाकणारा तो इवलासा तुकडा, कुठे आहे? कुठे आहे तो?"

योरवर्थने बाकाची कड घट्ट धरली. कुठे आहे ते त्याला पक्कं माहीत होतं.

"लपलेलं सापडणार!" सूर छताला भिडला. "सापडणार, सापडणार, सापडणार!"

"आमेन!" सगळे म्हणाले. योरवर्थ तबकाकडे बघत राहिला.

प्रवचन संपलं आणि तबक फिरवायला उठला योरवर्थच, कारण तो डीकन, म्हणजे चॅपलच्या विधींचा कारभारी, होता. त्याने कापड काढलं. पेले सगळे सारखे काळेभोर दिसत होते. आत उजेडही बेताचाच होता. वास घेऊन बघावा म्हणून तो वाकला, पण इतक्या वर्षांच्या पाइपने नाक केव्हाच निकामी केलं होतं. मग त्याला युक्ती सुचली. कॉइल असलेला पेला वाजेल! तो तबक हळूहळू हलवत पहिल्या बाकाकडे निघाला. सगळेच पेले किणकिणले.

"बघ कसा थरथरतोय," मिसेस बीवन शेजारणीच्या कानात म्हणाली. "किती भक्ती ती!"

"भक्ती कसली, सांधेवात असेल," शेजारीण म्हणाली.

प्रत्येकाने पेला उचलला की योरवर्थचा श्वास अडकायचा. पेला रिकामा झाला, माणूस खोकला नाही, की श्वास सुटायचा. पुढच्या बाकाशी परत अडकायचा. म्हाताऱ्या लुईसला उचकी लागली तेव्हा तर योरवर्थने एक हात त्याच्या पाठीत घालायला उचललाही. "काय रे?" म्हातारा दचकून म्हणाला. "मला नेहमीच लागते!"

एलुनेडने पेला घेतला तेव्हा त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा ती शांतपणे रिकामा पेला ठेवत होती आणि त्याच्याकडे संशयाने पाहत होती.

शेवटी तबक परत टेबलाशी आलं. रीतीप्रमाणे आधी प्रवचनकार, मग वाटणारा. खिडकीजवळ जरा उजेड होता आणि त्या उजेडात योरवर्थला दिसलं: उरलेल्या पेल्यांतला एक किंचित फिकट होता. त्याच क्षणी मिस्टर रोलँड्सचा हात त्याच पेल्याकडे गेला. तो गळा! साऱ्या खोऱ्यातला तो सोन्याचा गळा!

योरवर्थने विचार केला नाही. त्याने झडप घालून पेला हिसकावला आणि एका दमात तोंडात रिकामा केला.

प्रवचनकाराच्या आधी डीकन प्यायला, असं हेब्रॉनमध्ये कधी घडलं नव्हतं. व्होडका त्याच्या घशातून पेटत खाली गेली. कॉइल गालात अडकली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि चेहरा बिटासारखा लाल झाला.

मिस्टर रोलँड्सनी आपला रिकामा हात पाहिला, मग योरवर्थचे भिजलेले डोळे. "मित्रांनो," ते हळूच म्हणाले, "किती तहानला आहे हा आत्मा! याला धीरच धरवला नाही. योरवर्थ, तुम्हीच आज प्रार्थना करा."

योरवर्थने आजवर चारचौघांत कधी प्रार्थना केली नव्हती. तोंड उघडलं तर कॉइल टेबलावर पडणार, मिटून धरलं तर बोलणार काय? त्याने ओठ जेमतेम विलग केले. "म्म्म... हे पित्या..." असा घुमणारा सूर निघाला. पोकळ कॉइलमधून वारा गेला आणि त्या सुराला मागून पाव्यासारखी बारीक, रडवेली शीळ लागली. घाबरून त्याने सूर वर नेला; शीळही वर गेली. "वाचव... म्म्म... पित्या, वाचव!" याहून जास्त शब्द त्याच्याजवळ नव्हते. पण त्यांत खोटं काही नव्हतं. इतक्या मनापासून त्याने देवाकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. मागचे बाक गुणगुणू लागले, मग मधले, आणि चढत्या सुरावर सगळं हेब्रॉन त्याच्याबरोबर गाऊ लागलं. मिस प्रॉसर हुंदके देत होती.

दारात मिस्टर रोलँड्सनी त्याचे दोन्ही हात धरले. "ही हुइल मला इतक्या वर्षांत साधली नाही. पुढच्या महिन्यात सगळ्या चॅपल्सची मोठी सभा आहे. प्रार्थना तुम्ही कराल ना?"

योरवर्थने जिवाच्या आकांताने नकार दिला. "म्म्म!"

"देव तुमचं भलं करो! मी तुमचं नाव देतो."

गाडीत बसल्यावर योरवर्थने रुमाल तोंडाशी धरला, पण कॉइल त्यातून निसटून टणकन पायाशी पडली. एलुनेडने गाडी कडेला थांबवली. खाली वाकून ती उचलली, वास घेतला, उजेडात धरून आरपार पाहिलं. योरवर्थ डोळे मिटून बसला. आता जे व्हायचं ते होवो.

"हे काय आहे, ते मी विचारणार नाही," ती म्हणाली. कॉइल आपल्या स्वच्छ रुमालात नीट गुंडाळून तिने पर्समध्ये ठेवली. "पण मोठ्या सभेच्या दिवशी माझ्याकडून मागून घे. हे नसेल तर तुझ्याने गायलं जायचं नाही."