गोटे सरांची लाट

गोटे सर कुणाच्याबी अंगणात आले की रामराम घालायच्या आधी दोनदा टाच आपटतात. मग कान तिरका करून म्हणतात, "मुरूम आहे. बसायला हरकत नाही."

आडनाव त्यांचं वेगळंच हाय. पण खिशात कायम दगड, म्हणून चिकलठाण्यात आमच्या गल्लीनं त्यांना गोटे करून टाकलं. कॉलेजात भूगर्भ शिकवून रिटायर झालेले, मूळचे नागपूरकडचे. मी तिसरीतून उठलेला, पण पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून रान चालायचं, जिथं तो उभा राहील तिथं पाणी. लोकांनी मला उभी हयात मानानं नेलं. त्यात हे सर म्हणजे डोक्याला ताप.

खोटं त्यांना खपत नाय. क्रांती चौकाजवळ लग्न होतं. नवरदेवाचा मामा अंगठीतला पुष्कराज मिरवत होता. सर म्हणाले, "काच आहे," आन् जेवायला बसले.

एकदा मी त्यांना सांगितलं, "सर, हितं खाली मांजऱ्या हाय." सर वाकून माझ्या बाजेखाली बघाय लागले, "शुक शुक" करत! मी हसून लोळलो. ठिपक्याठिपक्याच्या भेगाळ दगडाला आमच्यात मांजऱ्या म्हणतात. पाणी त्यातच घावतं. सरांनी लगेच वहीत लिहून घेतलं.

आन् मग माझाच नारळ फसला. माझ्या लेकीनं, वंदनानं, रान विकून राहिलेल्या तुकड्यावर दोन खोल्या बांधल्या. बोरची जागा मी दाखवली. खाली निव्वळ काळा पाषाण, नुसती धूळ उडाली. वंदना कंपनीतून आली की हंडे घेऊन टँकरमागं. दुसरी बोर मारायची ठरली तवा तिनं परत मलाच विचारलं, "आबा, जागा बघता ना?" मी हो म्हणालो, पण नारळ काय हातात घेतला नाय.

दुसऱ्या दिवशी वंदना कामावर गेली अन् सर हजर. न बोलावता. जमिनीत ओळीनं खुंट्या रोवल्या, वायरी जोडल्या, लोखंडी पाटा ठेवला आन् माझ्या हातात घण दिला. "हाणा."

"त्यानं काय कळतंय?"

"दणक्याची लाट खाली जाते. काळ्या पाषाणात पळते, मांजऱ्यात रेंगाळते. किती वेळ लागला ते यंत्र सांगतं. भूकंपाची लाटही अशीच, आबा. तिच्यावरूनच पृथ्वीच्या पोटातलं कळलं."

"म्हंजी माझ्या गुडघ्यावानी. चढ आला की रेंगाळतंय."

दुपारपर्यंत घण हाणला. शेळ्यांच्या गोठ्यामागं लाट रेंगाळली. सर एवढ्या जोरात "मांजऱ्या!" ओरडले की शेजारणीनं दूध झाकलं.

दोन दिवसांनी बोरचं मशीन आलं. आधी धूळ, मग चिखल, मग पाणी. वंदना भिजली, रडली. शेजारणीनं तिला घणाचं सांगितलं होतं, ती सरांच्या पाया पडाय वाकली. सर मागं सरले. "माझ्या नको. आबांच्या पड. नारळ इथंच उभा राहिला. मी पाहिला."

मी नारळाला हातबी लावला नव्हता. त्यांना बाजूला घेतलं. "सर, तुम्ही खोटं बोलला."

"हो."

"का पण?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "माझी मुलगी मला काही विचारत नाही, आबा. तिची प्रत्येक गोष्ट मी दुरुस्त करत आलो. तुमची अजून विचारते. ते मोडू नका."

वंदनानं सरांना जेवायला थांबवलं. गडबडीत वांग्याची भाजी खारट झालती, मला गिळवंना. तिनं विचारलं, "कशी झाली, सर?"

"छान," सर म्हणाले, आन् परत वाढून घेतली.