लाल, हिरवा आणि प्लॅस्टिकचा नांगर

उद्घाटनाच्या संध्याकाळी वीबके सगळ्या टेबलांवरून तिसऱ्यांदा फडकं फिरवत होती. नॉर्डरझीलच्या बंदरातली कोळंबी सोलायची जुनी शेड तिने उन्हाळाभर खपून बर्गरच्या हॉटेलात आणि बारमध्ये बदलली होती. सजावटीचं हे तिचं पहिलंच स्वतंत्र काम. मालक टाडे पूर्वी फेरीबोटीवर स्वयंपाकी होता आणि त्याने एकच धमकी दिली होती, "काही चुकलं, तर सासूबाईंनी दिलेला जहाजाचा प्लॅस्टिकचा नांगर टांगीन." वीबकेला मरणापेक्षा त्या नांगराची भीती जास्त वाटायची.

म्हणून तिने सगळं अस्सल आणलं होतं. टेबलांना मोडीत निघालेल्या होड्यांच्या फळ्या, बारवर पितळी घंटा आणि पाण्यावरच्या लाकडी सज्ज्याच्या दोन टोकांना भंगारातून मिळवलेले जहाजी दिवे, एक लाल, एक हिरवा. भिंतीवर बटणं दिसली की तिला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. तेव्हा स्वयंपाकघरापासून सज्ज्यापर्यंतचे सगळे दिवे तिने एकाच बटणावर आणले आणि ते बटण बारच्या कपाटात लपवलं. वायरमन नको नको म्हणत होता, पण मासिकात फोटो छापून येणार आहे, असं सांगून तिने त्याला गप्प केलं.

आता फक्त बंदरप्रमुख ब्रोडरसन यायचे होते. सज्जा बंदराच्या हद्दीत येत असल्यामुळे ते हो म्हणाले तरच तो राहणार होता, नाहीतर उद्या करवत. संध्याकाळी मासे धरून परतताना परस्पर होडीनेच येतो, असा त्यांचा निरोप होता.

अंधारून आलं तशी टाडेने बटण दाबलं. दिवे असे झळकले की जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि वीबकेलाही क्षणभर धन्य वाटलं. मग तिने समुद्राकडे पाहिलं. एक होडी धक्क्याकडे न वळता थेट तिच्या दोन दिव्यांच्या मधोमध येत होती.

बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवा दिवा ठेवायचा, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. वीबकेही इथलीच, पण दिवे लावताना तिला त्यांत फक्त दोन सुंदर रंग दिसले होते. त्यात धक्क्यावरचा खरा हिरवा दिवा कित्येक दिवस विझलेलाच होता. सज्ज्यासमोर ओहोटीला पाणी नसतं, नुसता गुडघाभर चिखल असतो, आणि आत्ता ओहोटीच होती.

"टाडे, दिवे बंद कर," ती कशीबशी म्हणाली.

"वेडी आहेस का? आत तेल उकळतंय, एवढी माणसं आहेत. अंधारात कोणाचा तरी हात तळून निघेल. एकच बटण कुणाला हवं होतं?"

ती सज्ज्यावरून होडीच्या दिशेने ओरडली, पण आत वाजणाऱ्या अकॉर्डियनपुढे तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार. शेवटी ती बारकडे धावली आणि घंटेची दोरी धरून जिवाच्या आकांताने वाजवत सुटली.

आत एकच जल्लोष झाला. बारची घंटा वाजवणाऱ्याने हजर असलेल्या सगळ्यांना पाजायचं, हा या किनाऱ्याचा रिवाज, आणि ही तर थांबायचं नाव घेत नव्हती. सज्ज्यावरची माणसंही आत धावली.

"पोरगी दिलदार निघाली हं," कोळंबीवाली म्हातारी आन्के म्हणाली.

"अहो, पाजत नाहीये मी. होडी येतेय," वीबके रडकुंडीला आली होती.

"येऊ दे की. त्यांनाही पाज."

तेवढ्यात बाहेर काहीतरी जड वस्तू चिखलात बसल्याचा आवाज झाला. अकॉर्डियन थांबलं. थोड्या वेळाने सज्ज्याच्या शिडीवरून गुडघ्यापर्यंत काळे झालेले ब्रोडरसन वर आले. त्यांच्या हातात एकच बूट होता. आपला धंदा आजच सुरू झाला आणि आजच बुडाला, याबद्दल वीबकेला शंका उरली नाही.

"हिरवा दिवा कुणी लावला?" त्यांनी विचारलं.

"मी," ती म्हणाली.

"मला वाटलं, आमच्या ऑफिसातल्या शहाण्याने एकदाचा बल्ब बदलला. किती दिवस सांगतोय त्याला."

एवढं बोलून ते थबकले. बंदराचा दिवा बंद आहे हे बंदरप्रमुखांना ठाऊक होतं, ही गोष्ट आत्ता त्यांनी स्वतःच्या तोंडाने अख्ख्या गावाला सांगितली होती. शिवाय त्यांची होडी बर्गरच्या हॉटेलासमोर रुतून बसली होती आणि भरती येईपर्यंत ती तिथून हलणार नव्हती. आन्केने फोटोसाठी पर्समधून फोन बाहेर काढला.

ब्रोडरसन चिखलाची पावलं उमटवत बारपाशी गेले आणि त्यांनी स्वतः दोरी ओढली. "मघाची घंटाही माझीच धरा. इथे कुणी काही पाहिलेलं नाही. आन्के, तो फोन आत ठेव." मग वीबकेकडे वळून ते हळूच म्हणाले, "सज्जा राहू दे. हिरवा दिवा मात्र मला दे."

आता धक्क्याच्या टोकाला वीबकेचा दिवा जळतो आणि बंदराला इतका चांगला दिवा कधीच नव्हता असं कोळी सांगतात. सज्ज्यावर त्याच्या जागी नुसता खिळा उरला होता. टाडेने त्यावर सासूबाईंचा नांगर टांगला.

पुढच्याच आठवड्यात मासिकवाले आले. त्यांनी पानभर फोटो छापला तो नांगराचाच, आणि खाली ठळक अक्षरांत वीबकेचं नाव दिलं.