चौगले सरांची गैरहजर कोथिंबीर

आमच्या भिंतीपलीकडे रोज सकाळी भेंडीला ‘सावधान’ सांगितलं जातं. आधी शिट्टी होते. मग खणखणीत आवाज येतो, “भेंडीऽऽ सावधान! गवार, विश्राम!” पहिल्या दिवशी मी अंथरुणातच सावधान झालो. दुसऱ्या दिवशी उशी डोक्यावर घेतली. तिसऱ्या दिवशी चरफडत भिंतीवरून डोकावलो, तर चौगले सर अर्ध्या चड्डीत, पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासच्या बुटांत, गळ्यात शिट्टी अडकवून, दोन-दोन पानं फुटलेल्या रोपांसमोर छाती काढून उभे.

“उठलासा व्हय?” सर म्हणाले. “भेंडी तुमच्या आदी उठतीया बगा.”

भेंडीशी माझी तुलना लग्नानंतर प्रथमच होत होती. मी परत अंथरुणाकडे वळलो.

चौगले सर कोल्हापुरातल्या एका शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले, असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर फक्त शाळा सुटली; पीटी चालूच आहे. लग्नात बुफेपाशी गर्दी दिसली की त्यांचा हात शिट्टीकडे जातो. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांना त्यांनी ‘जैसे थे’ म्हणून जिलबीसकट रांगेच्या शेवटी पाठवलं होतं. कळंब्याच्या बाजूच्या आमच्या कॉलनीत नळाला पाणी आलं नाही आणि टँकर आला, तेव्हा सरांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं. बुटकी पुढं, उंच मागं. माझी बायको वैशाली उंचीनं बेताची, त्यामुळे तिचा पहिला नंबर लागला. तेव्हापासून सरांविरुद्ध ती एक शब्द ऐकून घेत नाही. मी सहा फूट असल्यामुळे माझी घागर कोरडी राहिली, पण घरात माझं ऐकतो कोण!

“ढिलाई चालायची न्हाय!” हे सरांचं आवडतं वाक्य. ते दूधवाल्याला ऐकवतात, गॅसच्या शेगडीला ऐकवतात, आणि एकदा अंगणात आलेल्या माकडालाही ऐकवलं होतं. माकड खरोखर ताठ बसलं, असं सर सांगतात. ते मी पाहिलेलं नाही.

आता हा माणूस भाजीपाल्याकडे कसा वळला, ते सांगायला हवं. कारण सरांच्या घरामागे बाग नव्हतीच, बॅडमिंटनचं कोर्ट होतं. घर बांधल्यापासून होतं. लोखंडी रोलर फिरवून फिरवून ती जमीन अशी घट्ट केलेली, की तिच्यावर पडलेली वाटी उडी मारून परत हातात यावी. शालनकाकी, म्हणजे सरांच्या पत्नी, नृसिंहवाडीकडच्या. नदीकाठच्या गाळात वाढलेल्या. माहेरी भाजी आणायला कुणी बाजारात जात नसे, परसात जात. “एका कोपऱ्यात चार वांगी तरी लावू द्या की,” असं त्या वर्षानुवर्षं म्हणत होत्या. “कोर्ट हाय त्ये!” एवढंच उत्तर मिळे. एकदा कोर्टाच्या रेषेवर वांग्याचं एक रोप आपलं आपण उगवलं. सरांनी ते उपटलं आणि वर “फाऊल!” म्हणून ओरडले. काकी त्या दिवशी जेवल्या नाहीत, असं वैशाली सांगते.

यंदा थंडीत काकी मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. नातू झाला, बारसं झालं, पण काकी काही परत येईनात. सरांचा फोन कायम स्पीकरवर असतो, कानाला लावला की आवाज ढिला येतो म्हणे. त्यामुळे त्यांचं घरगुती सगळं आम्हांला, आणि आमच्या पलीकडच्यांनाही, ऐकू येतं.

“पप्पा, आता तुम्हीपण इकडंच या,” मुलगी म्हणत होती. “ते घर भाड्यानं देऊन टाकू.”

“मी ग्राउंड सोडून कुटं येत न्हाय!” सर गरजले. “शालन, तू कवा येतीस ते सांग.”

पलीकडून काकी म्हणाल्या, “हितं ग्यालरीत का हुईना, चार कुंड्या हाईत माज्या. तितं माजं काय हाय ओ? पाडव्याला येतो आन् कपडे घिऊन जातो. मग तुमी आन् तुमचं कोर्ट.”

काकी पक्क्या कोल्हापुरी, बोलतात ‘येतो-जातो’ असंच. एरवी त्या भांडल्यासारखं बोलून मोकळ्या होतात. त्या दिवशी मात्र आवाज अगदी मऊ होता. सरांनी फोन ठेवला. रोज संध्याकाळी कोर्टावर होणारी शिट्टी त्या दिवशी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाडधाड आवाज सुरू झाला. सर पहारीनं कोर्ट फोडत होते. जमिनीनं जुन्या विद्यार्थ्यासारखा मार खाल्ला, पण ती लवकर वळली नाही. दुपारपर्यंत सरांच्या तळहाताला फोड आले. मी मदतीला गेलो, तर मलाच आधी वॉर्म-अप करायला लावला. हात फिरवून होईतो माझी दमछाक झाली आणि मी घरी आलो.

फाल्गुन लागला होता. वाळकी पानं झडून झाडांना तांबूस पालवी येत होती, आणि सर मैदान आखायची पांढरी फक्की घेऊन वाफे आखत होते. रेषा अशा सरळ, की वाफा म्हणावा की धावपट्टी ते कळू नये. प्रत्येक बी शेजारच्या बीपासून सारख्या अंतरावर. वांग्याची रोपं नर्सरीतून आणली ती उंची बघून निवडून. नेटचे दोन खांब होते, त्यांच्यावर दोडका चढवायचं ठरलं. आणि सगळ्यात पुढच्या वाफ्यात कोथिंबीर.

“पाडव्यापतुर भेंडी, वांगी काय हाताला यायची न्हाईत,” सरांनी मला डावपेच समजावला. “कोथमीर यील. शालन दारात आली की ताजी जुडी हातात ठिवायची. मग बगू, कशी जाती!”

इतकं बोलून ते घाईघाईनं रेषा तपासू लागले. ह्या माणसाच्या सगळ्या कवायतीमागे एवढी एकच धडपड आहे, हे तेव्हा मला कळलं, आणि मी शिट्टीबद्दल तक्रार करणं सोडलं.

भेंडी उगवली. गवार उगवली. दोडक्यानं खांबाला हात घातला. कोथिंबीर मात्र ढिम्म. सर रोज हजेरी घ्यायचे. “भेंडी?” आणि स्वतःच, “हजर!” “गवार?” “हजर!” “कोथमीर?” मग शांतता. त्यांनी पाणी वाढवलं, कमी केलं, उन्हाला आडोसा म्हणून पलंगपोस बांधला. भेंडीला पुढे बोलावून कोथिंबिरीसमोर तिचं कौतुक केलं. एकदा तर त्या रिकाम्या वाफ्यासमोर उकिडवे बसून ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “अगं, ये की. कोण मारतंय तुला?”

काकी फोनवर विचारायच्या, “मागं कसला आवाज ओ? काय करालाय?”

“काय न्हाय,” सर म्हणायचे. “वॉर्म-अप चालू हाय.”

पाडवा तोंडावर आला, तेव्हा वैशालीला राहवलं नाही. तिनं सरांना बियाणं दाखवा म्हटलं. सरांनी स्वयंपाकघरातून स्टीलचा डबा आणला. वैशालीनं चिमूटभर धणे हातावर घेतले, नाकाशी नेले, आणि तोंडाला पदर लावून ती भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलायला लागले.

“सर,” ती कशीबशी म्हणाली, “हे भाजलेले आहेत.”

काकींनी वर्षाच्या कांदा-लसूण चटणीसाठी धणे भाजून ठेवले होते. तेवढ्यात मुलीला कळा सुरू झाल्याचा फोन आला, आणि चटणी राहून काकी पुण्याला पळाल्या. तेच धणे सरांनी एक एक करून, फूटपट्टीनं अंतर मोजून, पेरले होते. त्यांना सावधान सांगितलं होतं. विश्रामही दिला होता.

मला हसू आवरेना. पण सर हसले नाहीत. डबा हातात धरून तसेच उभे राहिले. “आता दिवस कुटं ऱ्हायलं,” एवढंच म्हणाले.

मी सुचवलं की बाजारातून मुळासकट चार जुड्या आणू आणि वाफ्यात खोचून देऊ, काकींना काय कळतंय.

“बोगस खेळाडू?” सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नकळत पोट आत घेतलं. “आयुष्यात उतरवला न्हाय. आता बायकूम्होरं उतरवू?”

पाडव्याच्या आदल्या दिवशी काकींना आणायला मीच गाडी घेऊन स्टँडवर गेलो. सर घरीच थांबले होते. नवा शर्ट, बुटांना पांढरा रंग. काकींची पिशवी घेऊन मी त्यांच्यामागून परसाकडे गेलो.

काकी मागच्या दारातच थबकल्या. सर ताठ उभे राहिले आणि शाळेतल्या आवाजात त्यांनी रिपोर्ट दिला, “भेंडी हजर. गवार हजर. वांगी हजर. कोथमीर गैरहजर. चूक कोचची हाय.” शेवटी आवाज जरा चिरकला.

काकी कोथिंबिरीच्या वाफ्याकडे पाहतच नव्हत्या. त्या नेटच्या दोन खांबांकडे पाहत होत्या.

“कोर्ट?” त्यांनी विचारलं.

“फोडलं,” सर म्हणाले.

काकींनी चपला काढल्या आणि त्या भुसभुशीत मातीत उतरल्या. रिकाम्या वाफ्यापाशी बसून बोटानं माती उकरली, एक धणा काढला, पुसला, दाताखाली धरला. आणि मग जे हसायला लागल्या, ते थांबेचनात. “आत्ता गं बया! आवो, भाजल्याल्या धण्याला कोंब यील व्हय?” डोळ्यांना पाणी आलं तरी हसत होत्या. ते पाणी सगळं हसण्याचं नव्हतं, हे मला दिसत होतं.

पदरानं डोळे पुसून त्यांनी मला दुकानातून कच्चे धणे आणायला पाठवलं. मी आणले. काकींनी ते पाटावर ओतले, चप्पल उलटी धरून हलक्या हातानं रगडले. एकाचे दोन होत गेले. सर शेजारी मांडी घालून बसले होते. त्यांना इतकं शांत बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“किती दिसांत यील?” त्यांनी विचारलं.

“म्हैन्याभरात यील की.”

सरांनी सांडलेले दोन धणे वेचून पाटावर ठेवले. मग खाली मातीकडे बघत म्हणाले, “शालन, समद्यात उशिरा येणारी भाजी कंची?”

काकींचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही.

“शेवगा लावा,” त्या म्हणाल्या. “वरीसभर तरी वाट बघाय लागतीया.”

“मग दोन लावू.”

“एक बास हाय,” काकी म्हणाल्या आणि पुन्हा धणे रगडायला लागल्या. “खाणारं आपुन दोघंच की हितं.”